पिशवीतली किल्ली आणि चिऊचे बंद दार : प्राथमिक वर्गातील लेखनाचे खेळ

तिसरी-चौथीच्या वर्गात फळ्यावर ‘पावसाळ्यातील एक दिवस’ असा विषय लिहिला, की निम्म्याहून अधिक वह्यांत काळे ढग दाटून येतात, मोर पिसारा फुलवतो आणि शेवटी ‘म्हणून मला पावसाळा फार आवडतो’ हे वाक्य येते. यावरून मुलांना कल्पनाशक्ती नाही असा निष्कर्ष काढणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. विषय इतका मोठा असतो आणि इतरांनी तो इतक्या वेळा लिहिलेला असतो, की मुलाला त्यात स्वतःचे काही ठेवायला जागाच सापडत नाही. म्हणून शिकवणाऱ्याचे पहिले काम विषय लहान करण्याचे, मुठीत मावेल एवढा करण्याचे आहे.

मुठीत मावणाऱ्या वस्तूंपासूनच सुरुवात करावी. एका कापडी पिशवीत चिंचोका, फुटलेल्या बांगडीऐवजी एखादी अखंड बांगडी, एसटीचे जुने तिकीट, गंजलेली किल्ली, शर्टाचे बटण अशा दहा-बारा वस्तू ठेवाव्यात. मुलाने डोळे मिटून हात घालावा, एक वस्तू पकडावी आणि तिचे नाव न घेता ती हाताला कशी लागते, तिचा वास कसा येतो, हे सांगावे. बाकीच्यांनी ओळखावे. वस्तू बाहेर आली की दोनच प्रश्न विचारावेत : ही कोणाची होती आणि त्याच्याकडून ती कशी सुटली? उत्तर आधी तोंडी येऊ द्यावे व नंतर चार-पाच ओळींत लिहून घ्यावे. एकदा किल्ली हाती आलेल्या मुलाने प्रथम ‘हिला रक्तासारखा वास येतो’ असे सांगितले आणि मग वहीत लिहिले, ‘कुलूप आजोबांच्या पेटीला होते. आजोबा वारले. पेटी काकांनी नेली. किल्ली आमच्याकडे राहिली.’ ‘माझे आजोबा’ या विषयावर याच मुलाने पूर्वी लिहिलेल्या पंधरा ओळींत आजोबांचा फक्त स्वभाव प्रेमळ होता.

दुसरा खेळ चिठ्ठ्यांचा आहे. एका डब्यात वस्तूंची नावे आणि दुसऱ्या डब्यात ठिकाणांची नावे ठेवून प्रत्येकी एक चिठ्ठी उचलायला लावावी. ‘छत्री’ आणि ‘विहीर’ असे शब्द एकत्र आले, की छत्री विहिरीत का गेली, हे मुलाला सांगावेच लागते, आणि कारण सांगू लागले की गोष्ट सुरू झालेलीच असते.

माझ्या मते सर्वांत जास्त देणारा खेळ मात्र मुलांना आधीच पाठ असलेल्या लोककथेत शिरण्याचा आहे. काऊचे घर शेणाचे, चिऊचे घर मेणाचे आणि पावसात काऊचे घर वाहून गेले, हे बालवाडीतले मूलही सांगते. या गोष्टीत बाहेर भिजत उभा असलेला कावळा चिऊताईला दार उघडायला सांगत राहतो आणि ती बाळाची कामे पुढे करत राहते. आता मुलांना कावळ्याच्या वतीने चिऊला चिठ्ठी लिहायला सांगावी, किंवा आतल्या बाळाने ती हाक ऐकून आईला काय विचारले असेल, तो संवाद लिहायला सांगावा. कथानक तयार असल्यामुळे मुलाची सारी शक्ती बोलण्याच्या ढंगाकडे वळते. लेकीकडून परतणाऱ्या म्हातारीच्या गोष्टीतही रानातल्या प्रवासाचे वर्णन भोपळ्याच्या तोंडून लिहून घेता येते.

अशा संवादात मूल घरची बोली वापरते. ती वऱ्हाडी असो, अहिराणी असो वा मालवणी, ती खोडून प्रमाण भाषा लिहिण्याची घाई करू नये. पात्र घरी जसे बोलेल तसेच कागदावर बोलू द्यावे. ज्यांना अद्याप लिहिता येत नाही, अशा पहिली-दुसरीच्या मुलांचे शब्द शिक्षकाने त्यांच्यासमोर जसेच्या तसे लिहून घ्यावेत आणि बोट ठेवून वाचून दाखवावेत.

तपासणीविषयी मी आग्रही आहे. पहिल्या खर्ड्यावर लाल शाई अजिबात नको, कारण ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दाखवल्या की मूल पुढच्या वेळी आपल्याला हवा असलेला शब्द सोडून लिहिता येणारा शब्द निवडते. त्याऐवजी समासात एक खरा प्रश्न लिहावा : ‘पेटीत काय होते?’ शुद्धलेखनाची वेळ नंतर येते. महिन्याच्या अखेरीस वर्गाचे हस्तलिखित काढायचे ठरवले, की दुसऱ्यांनी वाचायचे म्हणून मुले स्वतःहून शब्द विचारायला येतात. तेव्हा एका वेळी एकाच प्रकारची चूक समजावून द्यावी. हस्तलिखितात प्रत्येक मुलाचे किमान एक पान असावे, त्याने ते स्वतः निवडावे, आणि ज्याला आपले लेखन मोठ्याने वाचायचे नसेल त्याला तशी मुभा असावी.

आणखी एक गोष्ट सहज करण्यासारखी आहे. मुले लिहीत असतील ती दहा-पंधरा मिनिटे शिक्षकाने वर्गात फेऱ्या मारू नयेत. पिशवीतली एक वस्तू आपणही उचलावी, मुलांमध्ये बसून लिहावे आणि अडखळल्यास तसे मोकळेपणाने सांगून पुढचे वाक्य त्यांनाच विचारावे.