खाडीकाठच्या तळ्यांसाठी सल्ला: मेअखेर ते जुलै

२०२३ साली मुंबईत मॉन्सून पोचला २५ जूनला, आणि २०२५ साली २६ मेलाच. दोन वर्षांत महिन्याची तफावत! भात लावणाऱ्याला रोपवाटिका पुढे-मागे करून हे सांभाळून घेता येतं. खाडीच्या पाण्यावर कोळंबीचं तळं, जिताड्याचा पिंजरा किंवा चिंबोरीच्या पेट्या असलेल्याला तेवढी सवड मिळत नाही, कारण डोंगरातून गोडं पाणी उतरलं की खारेपणा काही तासांत कोसळतो. म्हणून यंदा ‘मृग लागला की बघू’ हा हिशेब सोडा. माल कधी काढायचा, मोरी (तळ्याचं पाणी आत-बाहेर सोडायचं दार) कधी उघडायची, बीज कधी सोडायचं हे सगळं पाणी मोजून ठरवा.

खारेपणा मोजायला रिफ्रॅक्टोमीटर हे हातात धरायचं उपकरण घ्या. लिटरभर पाण्यात जेवढे ग्रॅम मीठ तेवढा पीपीटी, असं ढोबळमानाने समजा. मे महिन्यात बहुतेक नद्या आटलेल्या असतात, भरतीचं पाणी फार आतपर्यंत चढतं, उथळ तळ्यातलं पाणी उन्हाने उडून जातं आणि मीठ मागे राहतं. अशा तळ्यात समुद्राचा ३५ पीपीटीसुद्धा ओलांडला जातो. व्हनामी ही तळ्यात वाढवायची कोळंबी हे सोसते, पण तिची वाढ १० ते २५ मध्ये चांगली. वाशिष्ठी आणि कुंडलिका यांची गोष्ट निराळी. कोयनेच्या वीजघरांचं पाणी वाशिष्ठीत सुटतं, भिऱ्याचं कुंडलिकेत, त्यामुळे दाभोळ आणि रेवदंड्याच्या खाड्यांच्या वरच्या अंगाला उन्हाळ्यातही गोड्याचा जोर राहतो. तेव्हा शेजारच्या खाडीतला आकडा आपल्या तळ्याला लावू नका.

उन्हाळ्यातला मोठा धोका ऑक्सिजनचा. ३० अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, तेवढ्याच तापमानाच्या समुद्राच्या पाण्यात सव्वासहाच्या आसपास. पाणी आणखी तापलं की हा आकडा आणखी घसरतो, आणि नेमकी त्याच वेळी माशाची प्राणवायूची गरज वाढते. अरबी समुद्र तापत चालला आहे, तेव्हा भरतीबरोबर आत येणाऱ्या पाण्याचा गारवाही पूर्वीसारखा मिळेल असं धरून चालू नका. पाण्याची खोली दीड मीटरच्या आसपास ठेवा. पाणी ३३ अंशांच्या वर गेलं तर खाद्य कमी करा, दुपारचं तर टाळाच. तळ्याची खरी परीक्षा सूर्योदयाआधीच्या तासाभरात होते, कारण रात्रभर मासे आणि शेवाळ दोघंही ऑक्सिजन वापरत असतात. त्या वेळी मासे तोंड वर काढून हवा गिळताना दिसले, कोळंबी काठाला येऊन बसली, तर एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) लगेच चालू करा आणि त्या दिवशी खाद्य देऊ नका.

आता पहिल्या मोठ्या पावसाकडे वळू, कारण नुकसान बहुतेक इथेच होतं. गोडं पाणी हलकं, खारं जड. पावसाचं पाणी वर तरंगतं, खारं पाणी तळाशी अडकतं, आणि वरची हवा तळापर्यंत पोचत नाही. वरून तळं भरलेलं, छान दिसतं. खाली कोळंबी गुदमरत असते. हे ओळखायला साधी बाटली पुरते. बाटलीला दगड बांधा, तोंडात सैलसर बूच, बुचाला वेगळी दोरी. तळाशी सोडून दोरीला हिसका द्या, बुडबुडे थांबले की वर घ्या. वरच्या आणि तळाच्या पाण्यात पाचेक पीपीटीचा फरक निघाला तर थर बसला असं समजा. मग मोरीच्या फक्त वरच्या फळ्या काढा, म्हणजे वरचं गोडं पाणी निघून जाईल आणि खारं आत राहील. एरेटर पाऊस सुरू होतानाच लावा. दोन दिवस थांबून, तळ कुजल्यावर लावला, तर खालची घाण सगळ्या तळ्यात पसरते.

जुन्या खाजणाच्या (खाडीकाठच्या खाऱ्या दलदलीच्या) मातीत गंधक असतं. असा बांध उन्हात तापला आणि त्यावर पाऊस पडला की तांबूस, आंबट पाणी तळ्यात उतरतं. बांधाच्या उतारावर पावसाआधी शेती चुना पसरून ठेवा. तळ्यात चुना टाकायचा तो मात्र सामू (पीएच) मोजूनच. कोळंबीला साडेसात ते साडेआठ सामू मानवतो. खारेपणा घसरल्यावर कोळंबी कात टाकते आणि तिचं कवच मऊ राहतं, तेव्हा खनिज मिश्रणाची सोय आधीच करून ठेवा.

ज्यांच्या चिंबोरीच्या पेट्या खाडीच्या वरच्या अंगाला आहेत, त्यांनी पावसाची वाट बघू नये. मांसाने भरलेली चिंबोरी मे अखेरपर्यंत विकून टाका, उरलेली मुखाकडे हलवा. अंड्यांची मादी मिळाली तर सोडून द्या. ती पिल्लं सोडायला समुद्राकडेच निघालेली असते. कालवं आणि तिसऱ्या पाणी गोडं झाल्यावर शिंपले मिटून काही दिवस तग धरतात, पण पूर लांबला तर मरतात. पुरानंतर लगेच काढलेली कालवं, तिसऱ्या विकू नका, खाऊही नका. ती पाणी गाळून जगतात, त्यामुळे पुराची सगळी घाण त्यांच्या पोटात असते.

जिताड्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण अलिबाग-पेणच्या खारेपाटात घरामागच्या तळ्यात जिताडा वाढवण्याची जुनी रीत आहे आणि ती टिकावी असं मनापासून वाटतं. हा मासा गोड्यात वाढतो, खाऱ्यात जगतो, पण अंडी घालायला त्याला खाडीच्या मुखाचं खारं पाणीच लागतं. तो आधी नर असतो आणि काही वर्षांनी मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे पावसाळ्यात मुखाशी पकडलेला प्रत्येक भला मोठा जिताडा बहुतेक मादीच. पावसाचा ताल बिघडला की पिल्लांचं खाडीत शिरणंही बिघडतं, त्यामुळे खाडीतून बीज गोळा करण्यावर सगळी भिस्त ठेवू नका. चेन्नईच्या खाऱ्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने, ‘सिबा’ने, १९९७ साली तलावात ठेवलेल्या जिताड्याचं प्रजनन साधलं, तेव्हापासून हॅचरीचं बीज मिळू लागलं आहे. ते आणल्यावर थेट तळ्यात ओतू नका. टाकीत ठेवून तळ्याचं पाणी थोडं थोडं मिसळा, तासाला दोन-तीन पीपीटीहून जास्त फरक पडू देऊ नका. पिल्लं एकमेकांना खातात, म्हणून आकारानुसार वेगळी करत राहा.

चढणीच्या माशांबद्दल मला कळकळीने बोलायचं आहे. पहिल्या पुराला अंड्यांनी भरलेले मासे ओढ्यांत, शेतांत चढतात आणि आपण पाग (फेकायचं जाळं), काठ्या घेऊन धावतो. पाऊस वेळेवर यायचा तेव्हा ही लूट माशांना कदाचित सोसत असेल. आता मेमध्ये एक मोठी सर येते, मासे चढतात, मागोमाग पाऊस दडी मारतो आणि डबकी आटून अंडी मरतात. दुसऱ्या चढणीला जे उरतील त्यांच्यावरच सगळं अवलंबून. गावाने मिळून पहिले आठ-दहा दिवस पाग बंद ठेवावा.

बांधांची डागडुजी आत्ताच करा. समुद्राची पातळी वाढते आहे, आणि आपले बाहेरचे बांध जुन्या भरत्यांच्या उंचीने बांधलेले आहेत. पावसाळ्यात मुंबईजवळ साडेचार मीटरच्या वरची उधाणं येतात. त्याच वेळी अतिवृष्टी झाली तर उघडीची (बांधातल्या पाणी सोडायच्या दाराची) झडप बंद राहते आणि आतलं पाणी बाहेर पडत नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या दोन दिवस आधीच सुकतीला तळ्याची पातळी उतरवून ठेवा. बांधाबाहेरचे तिवर, चिप्पी ही खारफुटीची झाडं तोडू नका, लाटेचा पहिला मार तेच घेतात. बांधाला खांड (भगदाड) पडून खारं पाणी भातशेतीत शिरलं तर पुढचे काही हंगाम जातात. अशा जमिनीसाठी पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राच्या ‘पनवेल’ नावाच्या भाताच्या जातींचं बियाणं वेळेत मागवा.

वादळांसाठी हाच काळ धोक्याचा. तौक्ते मे २०२१ च्या मध्यावर किनाऱ्याजवळून गेलं, निसर्ग ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. हवामान खात्याचा इशारा आला आणि माल विकण्याजोगा असेल तर भाव दोन पैसे कमी मिळाला तरी काढून घ्या. बीज, खाद्य, जाळी यांच्या पावत्या आणि तळ्याचे तारखेसह फोटो फोनमध्ये ठेवा, आणि एक प्रत दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाला पाठवून ठेवा. पंचनाम्याला हेच मागतात.