फ्लिक थरथरते, वाऱ्यात डिस्क उडते? फ्रिसबी खेळताना या चुका टाळा

नवी मुंबईत नेरूळ-सीवूड्सकडे दर सीझनला नवी पोरं येतात आणि पहिल्याच आठवड्यात विचारतात, "हॅमर कधी शिकवणार?" डोक्यावरून उलटी जाणारी डिस्क दिसते झकास, मान्य. पण ज्याची दहा मीटरवरची फ्लिक (मनगटाच्या झटक्याने मारलेला फोरहँड थ्रो) समोरच्याच्या हातात धड जात नाही, त्याने हॅमरचं नाव काढू नये. पहिला सीझन बॅकहँड (हात अंगासमोरून आडवा नेत केलेला थ्रो) आणि फ्लिक, तेही जवळून. दुसऱ्यात वारा. लांब थ्रो त्यानंतर. हे ऐकून निम्मे लोक तोंड वाकडं करतात, पण माझा क्रम हाच.

फ्लिक खांद्याने मारणे. सगळ्यात जास्त डोकं फिरवणारी चूक. आपण क्रिकेटवर वाढलेलो, त्यामुळे हात आपसूक बाउंड्रीवरून थ्रो करायला निघतो. १७५ ग्रॅमच्या डिस्कला एवढा जोर नको, तिला फिरकी हवी. जोर जास्त आणि फिरकी कमी झाली की ती डगमगत जाते आणि मध्येच पालथी होते. मग पोरं काय करतात? आणखी जोर लावतात!

मी एका गुडघ्यावर बसवून फेकायला लावतो. पाय आणि कंबर बाद झाली की मनगटाशिवाय गती नाही. कोपर बरगडीजवळ, मधलं बोट कडेला आतून घट्ट टेकलेलं, डिस्कची बाहेरची कड किंचित खाली. सुरुवात पाच मीटरवरून. सलग सपाट गेल्या तरच एक पाऊल मागे. कंटाळा येतो, येऊ दे.

वाऱ्यासमोर उंच फेकणे. दुपारनंतर खाडीवरून वारा सुटतो आणि पाम बीच रोडच्या बाजूला तर चांगलाच लागतो. तिथेच एकदा मैत्रीपूर्ण मॅच होती. शेवटचा पॉइंट, दोन्ही टीम बरोबरीत, आम्ही वाऱ्याच्या विरुद्ध. डिस्क आमच्यातल्या सगळ्यात ताकदवान पोराकडे. मार्करचा, म्हणजे समोर उभं राहून थ्रो अडवणाऱ्याचा, काउंट जेमतेम चारवर; डिस्क त्याचे दहा मोजून होण्याआधी सोडायची, म्हणजे वेळच वेळ. आठ मीटरवर एक मुलगी मोकळी उभी राहून हात हलवतेय. पण याला एंड झोनकडे (मैदानाच्या टोकाची पट्टी, तिथे झेल घेतला की पॉइंट) धावणारा दिसला. अंगातलं सगळं बळ लावून सोडली. पुढची कड वर होती, वारा खाली शिरला, डिस्क इमारतीएवढी चढली, थबकली आणि मागे मागे येत आमच्याच डोक्यावरून गेली. समोरच्यांनी दोन पासमध्ये पॉइंट काढला. वर हा म्हणतो, "वाऱ्याने घात केला." अरे, वारा वॉर्म-अपपासून तिथेच होता!

समोरून वारा असला की तो डिस्क उचलतो: खालून फेका, पुढची कड खाली ठेवा, जास्त फिरकी द्या. मागून असला की दाबतो, तेव्हा थोडी वर सोडा. आणि मोकळी मुलगी दिसत असेल तर तिला द्या, कमीपणा येत नाही.

मार्करच्या हाताला डिस्क मारणे. बाजूला लांब पाऊल टाका ना! जागच्या जागी उभं राहून फेकाल तर अडणारच. मात्र पिव्हटचा, म्हणजे जमिनीवर रोवलेला, पाय घसटत नेऊ नका, समोरचा ट्रॅव्हल (पाय सरकल्याचा नियमभंग) कॉल करेल आणि ते योग्यच असेल. या खेळात सहसा रेफरी नसतो, कॉल खेळाडूच देतात, म्हणून वाद घालत बसू नये.

चौपाटीवरच्या हलक्या प्लॅस्टिक डिस्कने सराव. नको. ती वाऱ्यात वेगळीच वागते, मग हाताला भलतीच सवय लागते.

ओली डिस्क. पावसाळा आला की कोणीतरी महागड्या ग्लोव्ह्जची लिंक पाठवतं. बॅगेत प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरडा नॅपकिन ठेवा, दोन पॉइंटच्या मधे डिस्क आणि बोटं पुसा. पकड जरा घट्ट, थ्रो आखूड, आणि झेल दोन्ही हातांनी.