परसातल्या कोंबड्यांचं खाद्य कसं निवडावं, आणि शिंपला वेगळाच का ठेवावा

कोंबडी पाळायला घेतली की सल्ले फुकट मिळायला लागतात, आणि त्यांतले बहुतेक दहा हजार पक्ष्यांच्या शेडवरून उचललेले असतात. शेडमध्ये सगळे पक्षी एका वयाचे, एका जातीचे. तुमच्या अंगणात एक कोंबडा, चार अंड्यावरच्या कोंबड्या, दोन तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या), एक खुडूक (अंडी थांबवून उबवायला बसलेली) आणि दुसऱ्या कुणाची तरी आठ पिल्लं, सगळी एकाच परातीत चोच घालतात. खाद्य निवडायचं ते या गर्दीसाठी.

खुराडं, स्वच्छ पाणी, लसी हे सगळं झालेलं आहे असं धरतो. जंताचं औषधही.

१. पोत्यावरची चिठ्ठी वाचा

दुकानदार काय म्हणतो ते नंतर ऐका. पोत्याला शिवलेल्या चिठ्ठीवर दोन आकडे शोधा: प्रथिनं आणि कॅल्शियम. चिक स्टार्टरमध्ये (पिल्लांचं खाद्य) प्रथिनं साधारण 20 टक्के, ग्रोअरमध्ये (वाढत्या पक्ष्यांचं) 16च्या आसपास, लेयरमध्ये (अंड्यावरच्या कोंबड्यांचं) 16 ते 18. ग्रोअर आणि लेयरच्या प्रथिनांत फार फरक नाही. फरक आहे तो कॅल्शियममध्ये. पहिल्या दोन्हींत ते जवळपास 1 टक्का, लेयरमध्ये साडेतीन ते चार.

मिश्र कळपाला ग्रोअर घ्या. लेयर नाही, ग्रोअर. अंड्यावरच्या कोंबड्यांना वरचं कॅल्शियम ठेचलेल्या शिंपल्यांतून, वेगळ्या भांड्यात. का, ते तिसऱ्या पायरीत.

ब्रॉयलरचं (मांसासाठीच्या कोंबड्यांचं) फिनिशर, म्हणजे शेवटच्या टप्प्याचं खाद्य, शेजारच्याकडे उरलंय म्हणून आणू नका. कोंबडी चरबी धरते आणि अंडी कमी होतात. शिवाय ब्रॉयलरच्या बऱ्याच खाद्यांत कॉक्सी या आतड्याच्या रोगावरचं औषध मिसळलेलं असतं, ते अंड्यांतून तुमच्या ताटात यायला नको. गोठ्यातली सरकी पेंड तर अजिबात नको. तिच्यातल्या गॉसिपॉलमुळे बलक हिरवट-करडा पडतो, आणि मग लोक अंडं नासलं म्हणून कोंबडीला दोष देतात. गुरांच्या तयार खाद्यात युरिया असू शकतो, तेही दूरच ठेवा.

२. घरी मिसळायचं असेल तर

10 किलोसाठी: मक्याची भरड साडेपाच किलो, सोयाबीन पेंड 2 किलो, तांदळाचा बारीक कोंडा 2 किलो 200 ग्रॅम, कोंबड्यांचं मिनरल मिक्स्चर 250 ग्रॅम, मीठ 30 ग्रॅम. प्रथिनं साडेसोळा टक्क्यांच्या घरात येतात. मिनरल मिक्स्चर कोंबड्यांचंच हवं, गुरांचं नव्हे. पेंडीच्या जागी शेतातलं कच्चं सोयाबीन भरडून घालू नका. कच्च्या दाण्यात प्रथिनांचं पचन अडवणारा घटक असतो, तो नीट भाजल्याशिवाय जात नाही.

नुसती कणी आणि ज्वारी टाकून अंड्यांची वाट बघणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलं आहे. उकिरडा आणि किडे भरपूर असतील तर गावठी कोंबडी त्यावरही घालते. पण पुण्या-नाशकात बंगल्याच्या फरसबंद मागीलदारी किडे कुठून येणार?

३. कॅल्शियम: इथे घाई नको

बिनकवचाचं, हाताला पिशवीसारखं लागणारं अंडं खुराड्यात मिळालं की मालक घाबरतो आणि दुकानातून लेयर खाद्याचं पोतं आणतो. ते पोतं पिल्लं खातात, तलंगा खातात, कोंबडाही खातो. अजून अंड्यावर न आलेल्या पक्ष्याला आठवडेच्या आठवडे चार टक्के कॅल्शियम मिळालं की त्याचं मूत्रपिंड बिघडतं, आत पांढरे खडूसारखे थर बसतात. बाहेरून काही दिसत नाही. तलंग एक दिवस मलूल होते आणि जाते, आणि घरात ‘दृष्ट लागली’ अशी चर्चा होते. कोंबड्याला त्या कॅल्शियमचा उपयोग शून्य. खुडूक बसलेल्या किंवा पिसं टाकणाऱ्या कोंबडीलाही नाही.

म्हणून माझा नियम ठाम आहे: दाणा सगळ्यांचा एक, शिंपला वेगळ्या भांड्यात. जिला गरज आहे ती खाते. अंड्यावरची कोंबडी संध्याकाळकडे आपण होऊन त्या भांड्याकडे जाते. पिल्लं एखाददुसरी चोच मारून सोडून देतात, तरी भांडं मोठ्या कोंबडीच्या पाठीइतकं उंच टांगावं, म्हणजे प्रश्नच नको.

आता हिशेब. एका कवचात कॅल्शियम साधारण 2 ग्रॅम. खाल्लेल्यापैकी निम्मंच अंगी लागतं असं धरलं तर रोज 4 ग्रॅम पोटात जायला हवं. 110 ग्रॅम ग्रोअरमधून मिळतो जेमतेम एक ग्रॅम. उरलेले तीन ग्रॅम सात-आठ ग्रॅम शिंपल्यातून येतात, म्हणजे चहाचा एक शिगोशीग चमचा. 12-15 अंडी घालून खुडूक बसणाऱ्या गावठी कोंबडीला सरासरी याहून कमी लागतं. पण मोजत बसू नका, भांडं भरलेलं ठेवा.

मऊ अंड्यांवर पाण्यात चुन्याची निवळी द्या, असंही सांगतात. हाच हिशेब तिला लावून बघा. पाण्यात चुना विरघळतो तो लिटरमागे दीड-पावणेदोन ग्रॅम, त्यात कॅल्शियम एक ग्रॅमही नाही. कोंबडी दिवसाला पाव लिटर पाणी पिते. म्हणजे निवळीतून तिला मिळतं पाव ग्रॅमच्या आत, आणि तोंड भाजणाऱ्या पाण्यामुळे उन्हाळ्यात ती पितेही कमी. तरी हा उपाय दर पावसाळ्यात कुणीतरी नव्याने सांगतंच.

शिंपला भरड हवा, पीठ नको. कवच तयार व्हायला वीसेक तास लागतात आणि त्यातला मोठा भाग रात्री, कोंबडी दांडीवर झोपलेली असताना. तेव्हा आतडं रिकामं होत आलेलं असतं. चुनखडीची भुकटी दिवसाच निघून गेलेली असते. तूरडाळीएवढे तुकडे मात्र पेट्यात (दाणा दळणाऱ्या जाड जठरात) पडून राहतात आणि रात्रभर हळूहळू विरघळतात. तेही नसले की कोंबडी स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम ओढते. कवच काही दिवस बरं दिसतं, आणि मग कोंबडी पायांवर उभी राहीनाशी होते.

दुकानात ‘शेल ग्रिट’ म्हणून मिळतं ते हेच. ‘मार्बल ग्रिट’ही चालतं, तेही कॅल्शियम कार्बोनेटच. कोकणात असाल तर विकत कशाला आणायचं? तिसऱ्यांची, कालवांची टरफलं गोड्या पाण्यात दोन-तीनदा धुऊन खार काढा, कडक उन्हात वाळवा, पोत्यात घालून हातोडीने ठेचा, चाळणीने भुकटी वेगळी करा. भट्टीत घालू नका. शिंपले भाजूनच कोकणात चुना पाडत. घरची अंड्याची टरफलंही चालतात, पण तव्यावर कडक करून आणि चुरून. अख्खं अर्धुक टाकलंत तर कोंबडी ते ओळखते आणि अंडं फोडून खायला शिकते. ती सवय मग सुटत नाही.

भांडं कधी टांगायचं? तलंगेचा तुरा लाल होऊ लागला आणि पाठीवर हात ठेवताच ती दबून बसू लागली, की. त्याआधी घाई नको. पहिली दोन-चार अंडी मऊ आली तर तेही सोडून द्या, अंग सरावतं. मे महिन्यात कवच पातळ होतं ते धापा टाकल्यामुळे. धापेबरोबर कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो आणि कवचाला लागणारा कच्चा माल रक्तात कमी पडतो. तिथे जास्त शिंपल्याने काही होत नाही. सावली, माठाचं पाणी, आणि दाणा उजाडता व दिवस कलल्यावर.

पिल्लांचं उलट: त्यांचा दाणाच वेगळा. आठ आठवडे स्टार्टर त्यांनाच मिळावा म्हणून डालगं विटांवर चार बोटं उचलून उपडं ठेवा आणि आत ताटली सारा. पिल्लं खालून शिरतात, कोंबड्या बाहेर चडफडतात.

४. हिरवं

शेवग्याचा पाला, लसूणघास, मेथीच्या काड्या, रोज थोडं. बलक केशरी होतो, जीवनसत्त्व अ मिळतं. अझोला (पाण्यावर तरंगत वाढणारी बारीक वनस्पती) प्रथिनांनी भरलेला, दाण्याऐवजी चालतो, असं जे बोललं जातं ते मात्र ओल्या-कोरड्याचा फरक विसरून. एक किलो ओल्या अझोल्यात कोरडा ऐवज 50-60 ग्रॅम, त्यात प्रथिनं 12-15 ग्रॅम. तेवढी एका लहान मुठीभर सोयाबीन पेंडीत असतात. भाजी म्हणून द्या, दाण्याऐवजी नको.

५. टॉनिक

लसीनंतर, प्रवासानंतर, कडक उन्हाळ्यात: पाण्यातलं मल्टिव्हिटॅमिन तीन ते पाच दिवस, सकाळी दोन-तीन तासांत संपेल एवढंच. ऊन लागलेल्या पाण्यातली जीवनसत्त्वं दुपारपर्यंत गेलेली असतात. बाकी वेळी लिव्हर टॉनिक, ग्रोथ टॉनिक यांवर पैसे घालू नका. पशुवैद्यकाने सांगितल्याशिवाय अँटिबायोटिक कधीच नाही.

६. साठवण

पावसाळ्यात महिन्याभराचं पोतं आणू नका, पंधरा दिवसांचं आणा. जमिनीपासून वर, भिंतीपासून लांब, झाकण असलेल्या पिंपात. मका आणि शेंगदाणा पेंडीवर बुरशी दिसली, कुबट वास आला, की फेकून द्या. धुऊन, वाळवून, भाजून अफ्लाटॉक्सिन, म्हणजे त्या बुरशीचं विष, जात नाही. 1960 साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की मेल्या त्या बुरशीच्या शेंगदाणा पेंडीनेच, आणि त्यातूनच हे विष ओळखलं गेलं.

आणि शिंपल्याचं भांडं भरलेलं असताना तीन-चार कोंबड्यांची अंडी एकदम मऊ किंवा वेडीवाकडी येऊ लागली, सोबत शिंका, घरघर, हिरवी शीट किंवा वाकडी मान दिसली, तर खाद्य बदलत बसू नका. ते राणीखेत, म्हणजे कोंबड्यांचा जीवघेणा साथीचा रोग, असू शकतं. आजारी पक्षी वेगळे करा आणि त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.