मुलाच्या मनाच्या दुखण्यासाठी पहिला केसपेपर काढताना

सांगली-मिरजेच्या परिसरात मुलाला ताप आला तर कुठे जायचे, हे कोणाला विचारावे लागत नाही. तोच मुलगा तीन आठवडे रात्र रात्र जागा राहू लागला, भरल्या ताटावरून उठू लागला आणि कॉलेजला म्हणून निघून एसटी स्टँडवरच बसून परत येऊ लागला, की घरातली माणसे आधी शेजाऱ्यांपासून लपवतात, मग पाहुण्यांना विचारतात आणि डॉक्टरांपर्यंत पोहोचेतो महिना-दोन महिने निघून जातात. कनिष्ठ महाविद्यालयात शिकवत असताना अशा काही कुटुंबांबरोबर दवाखान्यात जाण्याचा प्रसंग माझ्यावर आला. डॉक्टर जवळ नाहीत ही तक्रार खरी आहे, जत-आटपाडीकडच्या लोकांची तर फारच खरी. परंतु एवढ्या लांबून येऊन झालेली पहिली भेट वाया जाते ती बहुधा तयारी नसल्यामुळे, असे माझे मत झाले आहे. म्हणून येथे त्या पहिल्या भेटीपर्यंतची वाट सांगतो.

दाखवायला कधी न्यावे, हा प्रश्न पालक सर्वांत आधी विचारतात. चिडणे, खोलीचे दार लावून घेणे, एखाद्या गुणपत्रिकेनंतर आठवडाभर गप्प राहणे हे त्या वयात चालायचेच. मात्र झोप, भूक, अभ्यास आणि मित्रांत मिसळणे यांत ठळक बदल झाला असेल आणि तो दोन आठवडे टिकला असेल, तर थांबू नये. या वयातले नैराश्य नेहमी रडण्यातून दिसते असे नाही. पुष्कळ मुलांत ते चिडचिडीच्या किंवा तपासण्यांत काहीच न सापडणाऱ्या पोटदुखीच्या रूपाने येते. मरणाची भाषा, स्वतःला इजा करून घेणे, जवळच्या वस्तू वाटून टाकणे यांपैकी काहीही दिसले तर दोन आठवड्यांचा हिशेब सोडून त्याच दिवशी हालचाल करावी.

मुलाशी बोलण्यापूर्वी एक वाक्य गिळून टाकावे : ‘तुला काय कमी केलंय आम्ही?’ या प्रश्नाला कोणत्याही मुलाजवळ उत्तर नसते आणि संभाषण तेथेच मिटते. त्याऐवजी आपण डोळ्यांनी जे पाहिले ते सांगावे. ‘तू गेले पंधरा दिवस रात्री दोनपर्यंत जागा असतोस, मला दिसतंय’ एवढे म्हणून गप्प बसावे आणि ती शांतता लगेच उपदेशाने भरू नये. समोरासमोर बसवून विचारण्यापेक्षा रानात जाताना किंवा गाडीवर मागे बसवून नेताना मुले अधिक बोलतात, असा माझा अनुभव आहे. जगणे नकोसे वाटते का, मरून जावे असे मनात येते का, हे स्पष्ट शब्दांत विचारायला पालक घाबरतात. विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरतो, हा समज चुकीचा आहे. विचारल्यावर बहुतेकांना सुटल्यासारखे वाटते. उत्तर ‘हो’ आले तर मुलाला एकटे ठेवू नये आणि घरातली औषधे व शेतीची रसायने त्याच दिवशी कुलपात घालावीत. आपल्याकडे द्राक्षबागेच्या फवारणीची औषधे वर्षभर पडवीत किंवा पंपाच्या खोलीत उघडी असतात. मनात आलेला टोकाचा क्षण अनेकदा थोड्या वेळात ओसरतो आणि तेवढा वेळ मिळवून देण्याचे काम ते कुलूप करते.

रात्रीची वेळ असेल, डॉक्टर ठाऊक नसतील किंवा मूल कोठे यायला तयार नसेल, तर पहिले दार फोनचे आहे. केंद्र सरकारची टेली मानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू असून १४४१६ या क्रमांकावर ती चोवीस तास, विनाशुल्क आणि मराठीतून मिळते. फोन लागल्यावर भाषा निवडावी लागते, त्यानंतर प्रशिक्षित समुपदेशक बोलतात आणि गरज दिसल्यास ते तज्ज्ञांशी जोडून देतात. पालकांनी आपल्यासाठी फोन केला तरी चालतो. मुलाशी कसे बोलावे हे विचारण्यासाठी केलेला फोनही वाया जात नाही. घरातच मारहाण किंवा छळ होत असेल, तर अठरा वर्षांखालील मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. जिवाला तत्काळ धोका असेल तेव्हा मात्र समुपदेशनात वेळ न दवडता १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी किंवा जवळच्या रुग्णालयाचा अपघात विभाग गाठावा.

प्रत्यक्ष दाखवण्यासाठी सांगलीकरांना मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याला जोडलेले सांगलीचे पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आहे. सातारकरांना क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय आहे आणि कराडच्या आसपासच्यांना कृष्णा रुग्णालय जवळ पडते. जाण्यापूर्वी मानसोपचार विभागाची ओपीडी कोणत्या वारी आणि कोणत्या इमारतीत असते, हे फोन करून किंवा चौकशीच्या खिडकीवर विचारून घ्यावे, नाहीतर अर्धा दिवस जिने चढण्यात जातो. सकाळी लवकर पोहोचून केसपेपर काढावा. खिडकीवर ‘कशासाठी?’ असे विचारतात आणि मागे रांग उभी असल्याने तेथेच पालकांचा आवाज बसतो. ‘मानसोपचार ओपीडी’ एवढे दोन शब्द पुरतात, त्यापुढचे काही तेथे सांगावे लागत नाही. दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींसाठी सरकारी रुग्णालयांत किशोरवयीन आरोग्य कार्यक्रमाची केंद्रेही असतात, ज्यांना महाराष्ट्रात मैत्री क्लिनिक म्हणतात. मानसोपचाराच्या दारात पाय टाकायला मूल तयार नसेल, तर हे दार त्याला कमी परके वाटते.

खासगी दवाखाना निवडताना पाटीवरच्या शब्दांकडे नीट पाहावे, कारण तेथे गोंधळ फार आहे. मानसोपचारतज्ज्ञ हे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात एम.डी., डी.एन.बी. किंवा डी.पी.एम. झालेले डॉक्टर असतात आणि ते औषधे देऊ शकतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ औषधे देत नाहीत, ते बोलण्यातून उपचार आणि मानसिक चाचण्या करतात. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि ती तपासता येते. समुपदेशक ही पाटी मात्र एखाद्या छोट्या अभ्यासक्रमानंतरही लागलेली दिसते, तेव्हा शिक्षण कोठे आणि किती झाले हे विचारण्यात संकोच करू नये. चांगले समुपदेशक या प्रश्नाने रागावत नाहीत. कॉलेजात समुपदेशक आहेत का, हेही विचारावे. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांनी पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितले आहे. तो निकाल प्रत्येक संस्थेपर्यंत पोहोचला आहे असे मात्र मी म्हणणार नाही.

आता तयारीचे सांगतो. एका विद्यार्थ्याच्या आईबरोबर मी ओपीडीत बसलो होतो. दोन तासांनी नंबर आला आणि डॉक्टरांनी विचारले, ‘झोप कशी आहे?’ आई म्हणाली, ‘बारावीला हाय वो, सायन्सला.’ डॉक्टरांनी पुन्हा विचारले, ‘कधीपासून?’ आई म्हणाली, ‘दहावीला नव्वद टक्के पडलेले.’ ती टाळत नव्हती. दोन महिने छातीवर घेतलेले ओझे तिला आधी ठेवायचे होते आणि मागे रांग लागलेली होती. पुढच्या खेपेला आम्ही शाळेच्या वहीचे एक पान नेले. त्यावर झोप केव्हापासून बिघडली, रात्री किती वाजता डोळा लागतो, जेवण किती, कॉलेजला किती दिवस दांडी, आधी कोणती औषधे घेतली, घराण्यात कोणाला असा त्रास होता का आणि मुलगा मरणाविषयी काय व केव्हा बोलला, एवढे तारखांसह लिहिले होते. डॉक्टरांनी ते पान वाचायला एक मिनिट घेतला आणि उरलेला वेळ मुलाला दिला. हे पान मुलाला दाखवूनच लिहावे, कारण आपल्या पाठीमागे नोंदी झाल्या असे त्याला वाटले तर खोलीत गेल्यावर तो तोंड उघडत नाही.

आत गेल्यावर डॉक्टर पालकांना थोडा वेळ बाहेर बसायला सांगतात, ते अपमान समजू नये; ते सांगत नसतील तर आपणच विचारावे. मुलाला मात्र आधीच खरे सांगून ठेवावे की, त्याचे बोलणे सहसा खोलीबाहेर जाणार नाही, परंतु जिवाला धोका दिसल्यास घरच्यांना कळवले जाईल आणि अल्पवयीन मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे समोर आल्यास पोक्सो कायद्यानुसार ते पोलिसांना कळवावेच लागते.

गोळ्या सुरू झाल्या तर नैराश्यावरच्या औषधांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. पहिल्या आठवड्यांत तरुण मुलांमध्ये अस्वस्थता किंवा मरणाचे विचार वाढत नाहीत ना, यावर घरच्यांनी लक्ष ठेवावे आणि तसे दिसल्यास लगेच डॉक्टरांना कळवावे. ‘सवय लागेल’ या भीतीने बरे वाटताच गोळ्या बंद करणारी घरे मी पाहिली आहेत. ही औषधे झोपेच्या गोळ्यांसारखी सवय लावणारी नसतात, पण ती एकदम थांबवली तर त्रास होतो; म्हणून ती डॉक्टरांच्या सांगण्यानुसारच हळूहळू कमी करायची असतात.

आजी अंगारा लावत असेल तर तिच्याशी भांडण काढण्यात शक्ती घालवू नये. अट एवढीच की, त्यासाठी दवाखान्याची तारीख चुकता कामा नये. भूत उतरवण्याच्या नावाखाली मुलाला मारणे किंवा बांधून ठेवणे हा मात्र २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

खर्चाबाबत थोडक्यात : २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारासाठी शारीरिक आजारांप्रमाणेच विमा देणे बंधनकारक केले आहे, तेव्हा पॉलिसी असल्यास ती वाचून पाहावी आणि सर्व पावत्या एका पिशवीत ठेवाव्यात.

दुसरी भेट पहिलीइतकीच महत्त्वाची असते, त्यामुळे परतीची तारीख दवाखान्यातून निघतानाच त्या वहीच्या पानावर लिहून घ्यावी. दोन-तीन भेटींनंतरही मुलाचे डॉक्टरांशी जमत नसेल, तर जुने कागद घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे जाण्यात काही गैर नाही. कॉलेजला काय सांगायचे, हे मुलाला विचारून ठरवावे. रजेच्या अर्जात ‘वैद्यकीय उपचार सुरू आहेत’ एवढे लिहून डॉक्टरांचा दाखला जोडला तर वर्गशिक्षक म्हणून मला तेवढे पुरते. प्रॅक्टिकलच्या तारखा जवळ आल्या असतील तर तो अर्ज आठवडाभर आधी द्यावा, म्हणजे वेगळी बॅच लावता येते.