जर्मनीत नवीन आलात आणि गेमिंग पीसी घ्यायचाय? स्वतः जोडायचा की रेडीमेड, ते असं ठरवा

आधी आन्मेल्डुंग, म्हणजे पत्त्याची सरकारी नोंदणी, होऊ द्या, बँकेचं खातं होऊ द्या, घरात इंटरनेट येऊ द्या. मग गेमिंग पीसी. हे सुरुवातीलाच सांगते कारण इथे उतरल्यावर दुसऱ्याच आठवड्यात ऑर्डर टाकणारी मुलं मी दरवर्षी बघते, आणि मग पार्सल परत जातं कारण दारावरच्या बेलवर आणि टपालपेटीवर त्यांचं नावच नसतं. इथे फ्लॅट नंबरवर पार्सल येत नाही, नावावर येतं. डब्ल्यूजीमध्ये, म्हणजे इतरांसोबत वाटून घेतलेल्या फ्लॅटमध्ये, राहत असाल तर चिठ्ठीवर नाव लिहून पेटीला चिकटवा, पीसीच्या कामाची सुरुवात तिथून होते.

मी 2016 ला मास्टर्ससाठी श्टुटगार्टला आले, आता नोकरी इथेच, आणि आजवर स्वतःचे दोन आणि ओळखीच्यांचे आठ-नऊ पीसी जोडून दिलेत. त्या अनुभवावर लिहितेय.

आपल्याकडे ‘असेंबल्ड पीसी’ म्हणजे काय ते आठवा. पुण्यात असाल तर तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड. आपण बजेट सांगायचं, दुकानदार कागदावर पार्ट लिहून देणार, थोडी घासाघीस, आणि संध्याकाळपर्यंत कॅबिनेट तयार. पुढे बिघडलं तर कॅबिनेट स्कूटरवर पुढे पायात ठेवून त्याच्याकडेच न्यायचं, तो तिथल्या तिथे दुसरी रॅम लावून बघणार, दुसरा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) लावून बघणार, आणि दहा मिनिटात सांगणार काय गेलंय ते. म्हणजे आपण असेंबल केलेला घेत होतो पण असेंबल करत मात्र तोच होता. इथे तो माणूस नाहीये. अगदी नाहीच असं नाही, दुरुस्तीची दुकानं आहेत, पण नुसतं उघडून बघायचेसुद्धा पैसे लागतात आणि वेळ घ्यावी लागते. त्यामुळे इथे ‘जोडायचा की विकत घ्यायचा’ हा प्रश्न पन्नास-शंभर युरो वाचण्याचा नाही. उद्या पीसी बंद पडला तर तो कोण उघडणार, हा खरा प्रश्न. त्याचं उत्तर ‘मी उघडेन’ असं असेल तर जोडा, नसेल तर रेडीमेड घ्या, आणि दोन्हीत काही कमीपणा नाही.

पैशाचं आधी बोलू. विद्यार्थी असाल तर श्पेरकोंटोमधून, म्हणजे व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या खात्यातून, महिन्याला 992 युरो येतात (सप्टेंबर 2024 पासूनचा आकडा) आणि त्यात भाडं, विमा, खाणं सगळं बसवायचंय, त्यातून हजार युरोचा पीसी काढायचा विचारसुद्धा करू नका, आधी वेर्कश्टुडेंटची, म्हणजे शिकता शिकता करायची अर्धवेळ, नोकरी लागू द्या. नोकरीवर आला असाल तर घराचं काउत्सिओन (डिपॉझिट) तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं असू शकतं, आणि बरेच फ्लॅट किचनशिवाय मिळतात, अगदी सिंकसुद्धा नसतं, तो खर्च आधी येतो. शिवाय प्रोबेत्साइट, म्हणजे नव्या नोकरीतला चाचणीचा काळ, बहुतेक सहा महिन्यांचा असतो. माझं मत, तो संपेपर्यंत थांबा. हप्त्यावर घ्यायचं म्हणाल तर दुकानं शूफा, म्हणजे तुमची पैसे फेडण्याची नोंद, बघतात आणि नवीन माणसाचा शूफा कोराच असतो, नकार आला तर मनाला लावून घेऊ नका, सगळ्यांना येतो.

थांबण्याचं दुसरं कारण म्हणजे घर बदलणं. पहिल्या दोन वर्षात मी चार खोल्या बदलल्या. भरलेला टॉवर दहा-बारा किलोचा, सोबत मॉनिटर, आणि चौथ्या मजल्यावर लिफ्ट नसलेलं जुनं घर. तुमचंही तसंच चालू असेल तर सरळ लॅपटॉप किंवा स्टीम डेकसारखं हातात धरायचं यंत्र बघा, पक्कं घर मिळेपर्यंत ते पुरतं. फक्त लॅपटॉप इथून घेतलात तर जर्मन कीबोर्ड येतो, त्यात झेड आणि वाय यांची अदलाबदल असते, गेममध्ये त्याची लवकर सवय होते पण ऑफिसच्या कामात बोटं अडखळतात. डेस्कटॉपला हा प्रश्नच नाही, कीबोर्ड भारतातून बॅगेत आणा.

भारतातला पीसीच आणू का, असंही विचारतात. वीज तीच आहे, 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ, त्यामुळे एसएमपीएस इथे चालतो, आपली तीन गोल पिनांची वायर मात्र इथल्या सॉकेटमध्ये जात नाही, मागची वायर तेवढी इथली घ्यायची, काही युरोचं काम. पण वजन आणि वॉरंटी दोन्ही बघता सगळा पीसी आणू नका, बऱ्याच पार्टची वॉरंटी फक्त भारतातच चालते. चांगलं ग्राफिक कार्ड किंवा एसएसडी (डेटा साठवायची ड्राइव्ह) असेल तर केबिन बॅगेत आणा, बाकीचं भावाला देऊन या. यूपीएस तर अजिबात आणू नका, इथे लाइट जात नाही म्हटलं तरी चालेल.

आता रेडीमेडबद्दल, कारण मी सुरुवात तिथूनच केली होती. 2017 ला एका दुकानातून तयार टॉवर घेतला. सात महिन्यांनी गेम सुरू केला की पाच मिनिटात खटकन बंद पडायला लागला. उघडून बघितलं तर एसएमपीएस चपटा, वेगळ्याच आकाराचा, मदरबोर्डला, म्हणजे सगळे पार्ट बसतात त्या मुख्य बोर्डला, जाणारा कनेक्टरही त्या कंपनीचा स्वतःचा, म्हणजे बाजारातला कुठलाच एसएमपीएस त्यात बसेना. दुकानाने तो परत मागवला आणि दुरुस्त होऊन यायला पाच आठवडे लागले, परीक्षेच्या काळात माझा सगळा डेटा त्यात. पैसे एकही गेले नाहीत, कायद्याने ते बांधील होते, पण ते पाच आठवडे माझ्या लक्षात राहिले.

म्हणून रेडीमेड घेताना नुसतं प्रोसेसर आणि ग्राफिक कार्डाचं नाव बघू नका. मदरबोर्ड आणि एसएमपीएसचं मॉडेल जाहिरातीत लिहिलंय का बघा, नसेल लिहिलं तर विचारा, सांगत नसतील तर सोडून द्या. रॅमची एकच पट्टी आहे की दोन ते बघा, एकाच पट्टीने गेममध्ये वेग पडतो. कार्डाची मेमरी बघा, आरटीएक्स 5060 टीआय आणि आरएक्स 9060 एक्सटी ही दोन्ही कार्डं 8 जीबी आणि 16 जीबी अशा दोन प्रकारात येतात, नाव तेच, आणि स्वस्त पीसीत बहुतेक 8 वालं घातलेलं असतं. आणि जर्मन शब्द नीट वाचा, खूप जण इथेच फसतात. ‘ओने बेट्रीब्ससिस्टेम’ म्हणजे विंडोज नाही. ‘आउफर्युस्ट-पीसी’ दिसला आणि किंमत फारच कमी वाटली तर थांबा, त्यात बहुतेक वेळा ग्राफिक कार्ड नसतं, कधी कधी एसएसडीसुद्धा नसते, तो अर्धा पीसी असतो. एसएमपीएसला इथे ‘नेट्सटाइल’ म्हणतात, कॅबिनेटला ‘गेहॉइझे’, रॅमला ‘आर्बाइट्सश्पायशर’. प्रोसेसरपुढे ‘ट्रे’ लिहिलं असेल तर खोकं नाही आणि कूलरही (प्रोसेसर थंड ठेवणारा पंखा) नाही.

किंमत तपासायला गाइत्सहाल्स आणि इडिआलो या भावांची तुलना करणाऱ्या साइट्स. इथे लिहिलेली किंमत 19 टक्के करासकट असते, वर काही लागत नाही, फार तर पोस्टाचा खर्च. गाइत्सहाल्सवर तुमच्या पार्टची यादी करा, बेरीज करा, मग तेच पार्ट असलेला रेडीमेड शोधा आणि शेजारी ठेवून बघा. ही बेरीज प्रत्येक वेळी नव्याने करा, आधी कोणी सांगितलं म्हणून ‘जोडलेला स्वस्तच पडतो’ असं धरून चालू नका. 2025 च्या उन्हाळ्यात 32 जीबी डीडीआर5 रॅमची जोडी शंभर युरोच्या आसपास मिळत होती, तीच वर्ष संपेपर्यंत तीनशेच्या वर गेली, कारण एआयच्या डेटा सेंटरसाठी बरीचशी मेमरी तिकडे जायला लागली. मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने तर डिसेंबर 2025 मध्ये क्रुशियल हा सामान्य ग्राहकांचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा वेळी एखाद्या दुकानात जुन्या भावाच्या रॅमने भरलेला तयार पीसी पडून असतो आणि तो तुमच्या बेरजेपेक्षा सरळ स्वस्त पडतो. तसा मिळाला आणि वरचं सगळं तपासून ठीक निघालं, तर हट्ट सोडा आणि तोच घ्या.

स्वतः जोडणार असाल तर एक गोष्ट कोणी सांगत नाही ती सांगते. ऑनलाइन खरेदीवर 14 दिवसात कारण न देता परत करायचा हक्क आहे, वीडररुफ म्हणतात त्याला. पण लोक काय करतात, ऑफर बघून या महिन्यात प्रोसेसर घेतात, पुढच्या महिन्यात बोर्ड, त्याच्या पुढच्या महिन्यात कार्ड, आणि सगळं जोडून पहिल्यांदा सुरू करेपर्यंत पहिल्या पार्टचे 14 दिवस कधीच संपलेले असतात. दोन वर्षांची गेवेअरलाइस्टुंग असतेच, ती दुकानदाराची कायदेशीर जबाबदारी, आणि पहिल्या 12 महिन्यात बिघाड निघाला तर तो आधीपासूनच होता असं धरलं जातं, उलटं सिद्ध करायचं काम दुकानदाराचं. पण ते पत्रव्यवहाराचं काम आहे, तेही जर्मनमधून. म्हणून पैसे साठवा आणि सगळं एकाच आठवड्यात मागवा. अगदीच टप्प्याने घ्यायचं असेल तर रायझन 5 7600 सारखा प्रोसेसर घ्या, त्यात आतच छोटं ग्राफिक आहे, कार्ड नसताना पीसी सुरू होतो, तपासता येतो, कार्ड चार महिन्यांनी बसवा. 7500एफ थोडा स्वस्त दिसेल पण त्याला कार्डाशिवाय स्क्रीनच येत नाही.

जोडायची भीती बाळगू नका. एक मोकळं टेबल, एक फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, शनिवारची दुपार. हिवाळ्यात इथली हवा कोरडी असते, लोकरीचे मोजे घालून गालिच्यावर चाललं की दाराच्या कडीला हात लावताच चटका बसतो, तोच चटका पार्टला बसायला नको, म्हणून मोजे काढा आणि मधून मधून कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावत राहा. प्रोसेसरच्या कोपऱ्यावर सोनेरी त्रिकोण असतो, सॉकेटवरही त्रिकोणाची खूण असते, दोन्ही जुळवून तो नुसता वरून सोडायचा, दाबायचा नाही. मग सॉकेटचा दांडा खाली ओढताना तो एवढा घट्ट लागतो आणि असा करकरतो की काहीतरी मोडलं असं वाटतं, मोडत नाही, तो तसाच असतो. प्रोसेसर आणि कूलरच्या मध्ये थर्मल पेस्ट वाटाण्याएवढी. बोर्डवर चार खाचा असतील तर रॅमच्या दोन पट्ट्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत, दोन्ही बाजूंनी टक् आवाज येईपर्यंत. मॉनिटरची वायर ग्राफिक कार्डात, मदरबोर्डात नाही, ही चूक सगळ्यात जास्त होते.

आणि मग बटण दाबल्यावर पंखे फिरतील आणि स्क्रीन काळी राहील. एक मिनिट, दोन मिनिटं, कधी त्याहून जास्त. डीडीआर5 असलेला एएम5 (वरचा रायझन 7600 बसतो तो) बोर्ड पहिल्यांदा सुरू होताना रॅमची जुळवणी करत असतो. बंद करू नका. माझ्या मावसभावाने घाबरून तीन वेळा बंद केला, प्रत्येक वेळी ते पहिल्यापासून सुरू, रात्री अकराला फोन, “ताई, सगळे पैसे गेले.” मी म्हटलं बटण दाब आणि चहा टाकायला जा. चहा गाळेपर्यंत बायोस, म्हणजे विंडोजच्या आधी येणारी सेटिंगची स्क्रीन, आला होता. बायोसमध्ये जाऊन एक्स्पो ही रॅमची सेटिंग तेवढी सुरू करा, नाहीतर महागाची रॅम कमी वेगाने चालत राहते.

जोडायला वेळ नाही पण पार्ट आपल्या पसंतीचे हवेत, तर मधला रस्ता आहे, बरीच मोठी ऑनलाइन दुकानं वेगळे पैसे घेऊन तुमच्या यादीतले पार्ट जोडून, तपासून पाठवतात. घरात लहान बाळ असेल किंवा थीसिस चालू असेल तर मी हाच सल्ला देते. पार्ट सगळे प्रमाण मापाचे असतात, पुढे बदलता येतात, आणि बिघडलं तर एकाच दुकानाशी बोलायचं.

जुना घेणार असाल तर क्लाइनआनत्साइगन ही जुन्या वस्तूंच्या जाहिरातींची साइट. ‘फाउ-बे’ लिहिलं असेल तर भाव कमी करायला वाव आहे. ‘रेखनुंग’ म्हणजे मूळ बिल मागाच, कंपनीची गारांटी उरली असेल तर त्यावरच चालते. खाजगी माणूस बहुतेक परत घ्यायची जबाबदारी नाकारूनच विकतो, त्यामुळे त्याच्या घरी जाऊन, गेम चालवून बघून, मगच रोख द्या. पेपालवर ‘फ्रॉइंडे उंड फामिलीए’ने (मित्र आणि कुटुंब) पाठव असं कोणी म्हणालं तर तिथेच बोलणं थांबवा, त्या पद्धतीत खरेदीदाराला काहीच संरक्षण नाही.

विजेचा हिशोबही करून ठेवा. गेम चालू असताना पीसी 400 वॉट खातोय असं धरलं, रोज तीन तास, तर महिन्याला 36 युनिट, आणि 35 सेंट युनिट धरलं तर साडेबारा युरोच्या वर. डब्ल्यूजीत वीज सगळ्यांत वाटली जाते, तेव्हा हे आधीच बोलून घ्या. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळायची असते, लाकडी फरशीतून स्पीकरचा आवाज खाली जातो, हेडफोन घ्या. पीसी ऑफिसच्या कामालाही वापरणार असाल तर बिल जपून ठेवा, कामाच्या वापराच्या प्रमाणात तो खर्च स्टॉयरएरक्लेरुंगमध्ये (टॅक्स रिटर्नमध्ये) दाखवता येतो, खराखुरा वापर तेवढाच लिहा.

आणि खोकी टाकू नका. विशेषतः कार्डाचं आणि कॅबिनेटचं, आतल्या थर्माकोलसकट, खाली केलरमध्ये (तळघरात) ठेवा. घर बदलताना कार्ड आधी काढून त्याच्या खोक्यात घालायचं, नाहीतर गाडीच्या धक्क्यांनी स्लॉट वाकतो. श्टुटगार्टच्या आसपास असाल आणि पहिल्यांदाच जोडत असाल तर शनिवारी दुपारी बोलवा, स्क्रूड्रायव्हर माझा, पण हात तुम्हीच लावायचा, मी शेजारी बसेन.