कॅमेरा खराब नाही भाऊ, नागपुरात शूट करताना या चुका टाळा

मे लागला की आपल्याकडच्या शॉर्टफिल्मवाल्या पोरांचा एकच प्रश्न, कॅमेरा मधातच बंद होऊन राहिला, काहून? आणि लगेच शंका, सेकंडहँड माल गळ्यात मारला का. बहुतेक वेळा बॉडीत काहीच बिघाड नसतो. मॅन्युअल उघडून बघा, सोनी असो का कॅनन, मिररलेस बॉडीसाठी चालवायचं तापमान साधारण 0 ते 40 डिग्री लिहिलेलं असते. आपल्याकडे नवतपात, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात गरम नऊ दिवसांत, पारा 45 च्या वर जातो, 2013 च्या मे मध्ये तर 47.9 झाला होता. म्हणजे दुपारी दोनला फुटाळा तलावाच्या काठावर ट्रायपॉड लावला की रेकॉर्ड दाबायच्या आधीच तुम्ही कंपनीच्या हद्दीबाहेर गेलेले असता.

पहिलं काम मेनूतलं. सोनीत ऑटो पॉवर ऑफ टेम्परेचर नावाची सेटिंग असते, ती स्टँडर्डवर असते, तिला हाय करा, म्हणजे कॅमेरा जास्त गरम झाल्यावरच बंद होतो. हे न करताच लोक कॅमेरा परत करायला निघतात. सोनीच्या एफएक्स3 मध्ये फॅन आहे, पण आवाज नको म्हणून कोणीतरी तो ऑफ इन रेक, म्हणजे रेकॉर्डिंगमध्ये बंद, करून ठेवलेला असतो आणि मग लांब टेकमध्ये गरम झाला की सगळे एकमेकांकडे बघतात. स्क्रीन बॉडीला चिकटवून ठेवू नका, बाहेर काढा, मागची गरमी निघून जाते. टेक संपला की कॅमेरा बंद आणि वर छत्री, काळी नाही, पांढरी किंवा सिल्व्हर. अन् बर्फाचा पॅक नका हो लावू! गार पृष्ठभागावर पाणी जमते, ते आत गेलं की मग खरा बिघाड. बॅटऱ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवणारे असिस्टंट वेगळेच, तापलेली बॅटरी चार्जर घेत नाही आणि पोरगा म्हणते चार्जर गेला. खरं सांगायचं तर मे मधला आउटडोअर सीन सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतरच लिहा, तेवढं प्रोड्युसरला पटवा.

दुसरी तक्रार, ट्यूबलाइटमध्ये पट्ट्या धावतात. इथं पण सेन्सर बिचारा निर्दोष. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे साधा लाइट सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतो आणि शटर (एका फ्रेमला प्रकाश घ्यायचा वेळ) 1/60 सेकंद ठेवलं की प्रत्येक फ्रेमला वेगळा प्रकाश मिळते. 1/50 किंवा 1/100 ठेवा. शटर सेकंदाऐवजी अंशात (शटर अँगल) दाखवणारे कॅमेरे असले तर 24 फ्रेमला 180 च्या जागी 172.8 ठेवा, तोच 1/50 होतो. यूट्यूबवरचे ट्युटोरियल अमेरिकेचे असतात, तिथली वीज 60 हर्ट्झची, म्हणून ते 30 फ्रेम, 60 फ्रेम, 1/60 सांगतात आणि आपण धरमपेठच्या कॅफेत बसून तेच लावतो. इनडोअर स्लोमोशन हवं तर 60-120 च्या ऐवजी 50-100 फ्रेम घ्या. सोनीच्या बऱ्याच अल्फा बॉडीत त्यासाठी मेनूत एनटीएससीचं (60 हर्ट्झवालं) पाल (50 हर्ट्झवालं) करावं लागते, आणि पाल केलं की 24 फ्रेम यादीतून गायब होते, घाबरू नका, कॅमेरा मोडला नाही, 25 ला शूट करा. फक्त दुसरा कॅमेरावाला मित्र 30 ला करून राहिला का ते आधी विचारा. स्वस्त एलईडी बल्ब मात्र 1/50 ला पण नखरे करतात, तिथं बल्ब बदलणे हाच उपाय.

आता उन्हातलं. लॉगमध्ये (नंतर रंग करायसाठीचं फिकं चित्र) आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, 800, शटर 1/50 आणि लेन्स एफ2.8 पाहिजे असेल तर भर दुपारी साधारण 9 स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) प्रकाश कापावा लागते. एनडी, म्हणजे लेन्सपुढचा प्रकाश कापणारा फिल्टर, नसला की पोरं शटर 1/4000 आणि वरतीच नेतात, मग हिरो सीताबर्डीच्या गर्दीतून चालला की झटके मारत चालल्यासारखा दिसते. स्वस्त व्हेरिएबल एनडी शेवटपर्यंत फिरवला की फ्रेमवर काळी फुली येते, ती ग्रेडिंगमध्ये (नंतरच्या रंगकामात) निघत नाही. त्यापेक्षा एक फिक्स्ड 6 स्टॉपचा आणि त्यावर कमी रेंजचा व्हेरिएबल बरा. जाड एनडी लावला तर इन्फ्रारेड पण बघा, कोर्टाच्या सीनमध्ये वकिलाचा काळा कोट तपकिरी दिसला तर व्हाइट बॅलन्सला शिव्या नका देऊ, आयआर कापणारा एनडी घ्या.

रात्री उलटं होते. नॉइजच्या (दाणेदार चित्राच्या) भीतीनं लोक आयएसओ दाबून ठेवतात. एफएक्स3 चे बेस (सेन्सर सगळ्यात चांगला चालतो ते आयएसओ) लॉगमध्ये 800 आणि 12800 आहेत, त्यामुळे 12800 ला सावल्या 6400 पेक्षा स्वच्छ येतात. एफएक्स30 चा दुसरा बेस 2500, ब्लॅकमॅजिक पॉकेटचा 3200, त्याच्या आसपास खेळा. आपल्या बॉडीचे दोन आकडे पाठ पाहिजेत.

आवाजाबद्दल मी फार बोलत नाही, एवढंच की मारबतीच्या मिरवणुकीत ऑटो गेन (कॅमेरा स्वतःच आवाज कमीजास्त करते तो) ठेवला तर ढोल वाजला की माणसांचे आवाज खाली बसतात. मॅन्युअल करा, पीक उणे 12 डेसिबलच्या आसपास. शॉटगन माइकला आवाजच येत नसेल तर त्याला लागणारा 48 व्होल्टचा फँटम पॉवर चालू आहे का बघा. घरातल्या सीनला कूलर बंद करावाच लागते, आणि बंद केला की हिरोईनला दोन मिनिटांत घाम, त्यामुळे टेक छोटे ठेवा. कॅमेरा मात्र कूलरच्या खोलीत कपाटात नका ठेवू, ओल धरते, लेन्सवर बुरशी येते, 40 ते 50 टक्के आर्द्रतेचा ड्राय बॉक्स घ्या.

रेकॉर्डिंग चालता चालता थांबते आणि कॅमेरा गरम पण नाही, मग कार्ड. इथं बिट आणि बाईटचा घोळ असतो, 8 बिटचा एक बाईट. ऑल इंट्रामध्ये (प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवणारा फॉरमॅट) 4के 25 फ्रेमला 250 मेगाबिट, म्हणजे सेकंदाला 31.25 मेगाबाईट, आणि व्ही30 कार्ड गॅरंटी देते फक्त 30 ची. व्ही60 घ्या, 50 फ्रेमला 500 मेगाबिट होते तर व्ही90. 250 मेगाबिटलाच तासाला 112 जीबीच्या वर जाते, त्यामुळे 128 चं एक कार्ड घेऊन दिवसभराचं शूट निघत नाही. नवीन कार्ड आधी एकदा काठोकाठ भरून परत वाचून बघा, नकली कार्ड अर्ध्यावर डेटा खाते. आणि फॉरमॅट लॅपटॉपमध्ये नाही, कॅमेऱ्यातच, तेही दोन वेगळ्या डिस्कवर कॉपी झाल्यावर, फाईल उघडून शेवटपर्यंत चालवून पाहिल्यावर.