विरघळणारे रबर विहिरीत सोडताय? या चुका टाळा

‘विरघळणारे’ हे नावच आधी घोळ घालते. साखर पाण्यात जाते तसे हे रबर नाहीसे होत नाही. तेल-गॅसच्या विहिरीत दाबाच्या पाण्याने खडक फोडताना (फ्रॅकिंग) फ्रॅक प्लग, म्हणजे तात्पुरते बूच, बसवतात. त्याच्या कमरेला बसवलेली ही जाड रबरी रिंग बहुधा पॉलियुरेथेनची असते. गरम पाणी तिच्यातले एस्टर बंध तोडत जाते. ती आधी मऊ पडते, मग तिचा भुगा होतो. तोपर्यंत मात्र तिने केसिंगला, म्हणजे विहिरीच्या पोलादी नळीला, चिकटून दाब अडवलाच पाहिजे.

सर्वांत महागात पडते ती तापमानाची चूक. रिंग निवडताना खडकाचे तापमान पाहिले जाते, पण फ्रॅकिंगमध्ये विहिरीत हजारो बॅरल गार पाणी जाते. प्लगपाशी ते तापमान परत यायला वेळ लागतो. ढोबळ हिशेब असा, की तापमान १० अंश सेल्सियसने उतरले की रबर तुटण्याचा वेग निम्मा होतो. म्हणजे २० अंशांची चूक झाली, तर चार दिवसांचे काम पंधरवड्यावर गेले. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या मार्सेलस गॅसक्षेत्रासारख्या तुलनेने थंड विहिरींत हा त्रास जास्त. लुइझियानातल्या हेन्सव्हिलमध्ये उलटे: तिथे ३०० अंश फॅरनहाइटच्या वर खडक तापलेला. पंप बिघडून रात्रभर काम थांबले की विहीर पुन्हा तापते आणि रबर तुमच्या मेकॅनिकची वाट बघत बसत नाही. निवडताना असा खोळंबाही मोजा.

प्लग अडकला की मीठ ओतायचे, ही दुसरी सवय. खारे पाणी प्लगचा मॅग्नेशियमचा सांगाडा खाते, ते खरे. रबराला मात्र मिठाशी देणेघेणे नाही. त्याला पाणी आणि उष्णता हवी. धातू गेला आणि रबर उरले, तर मिठाने काहीच साधत नाही. उलट घाईने विहीर वाहती केली आणि रिंगभोवती पाण्याऐवजी गॅस आला, तर उरलेले कामही मंदावते.

चाचणीत नुसते वजन बघू नका. एकदा तिसऱ्या दिवशी बीकरमधला तुकडा काढला, तर वजन जवळजवळ तेवढेच. नख दाबले, सरळ आत गेले! रबर पाणी पिते, त्यामुळे वजन फसवते. कडकपणा मोजा, आणि तुकडा मोकळा न ठेवता पोलादी पट्ट्यांमध्ये दाबून ठेवा. विहिरीत तो तसाच असतो.

साठवणही सांभाळा. आषाढात कोकणात पापडाचा डबा कोणी उघडा ठेवत नाही. या रिंगांचे सीलबंद पाकीटही प्लग जोडायच्या वेळीच फोडावे.

फ्लोबॅकमध्ये, म्हणजे आत सोडलेले पाणी परत वर येताना, चोकपाशी (प्रवाह आवरणाऱ्या झडपेपाशी) रबराचे गोळे सापडले, तर फेकू नका. बोटांनी चुरडून पाहा. चुरडले तर जाळी साफ करत राहणे पुरते. ताणून परत जागेवर येत असतील, तर खाली रिंगा अजून धड आहेत. कॉइल ट्यूबिंग (अडथळा काढायला विहिरीत सोडायची लांब, गुंडाळलेली नळी) बोलावण्याआधी विहीर बंद ठेवून तिला पुन्हा तापू द्या.